प्लांट व्हायरॉलॉजीत जावं का? घरचे म्हणतायत बँकेची परीक्षा दे

तंबाखूच्या_गावची

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी निपाणीजवळच्या एका गावातली, धारवाडला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांचा तंबाखू होता, आता बाबांचा ऊस आणि सोयाबीन. लहानपणी तंबाखूच्या रानात मधेच एखाद्या झाडाची पानं गडद हिरवी-फिकट हिरवी अशी ठिगळं ठिगळं दिसायची, आम्ही पोरं त्याला गोधडीचं झाड म्हणायचो. आजोबा बिडी ओढत ओढत शेंडे खुडायचे, गोधडीचं झाड झालं की त्याच हातानं पुढचं. सेकंड इयरला पॅथॉलॉजीत टोबॅको मोझॅक आला तेव्हा कळलं की जगात सगळ्यात आधी सापडलेला व्हायरस हाच, १८९२ ला इव्हानोव्स्कीनं रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळला तरी रोग लागत राहिला, १८९८ ला बायेरिंकनं त्याला व्हायरस म्हटलं. आणि तो हातानं पसरतो. सर शिकवत होते आणि मला आजोबांचा अंगठा दिसत होता, बिडीनं आणि चिकानं काळा पडलेला.

मग गेल्या वर्षी लॅबमध्ये एलायझा बघितली, म्हणजे झाडात व्हायरस आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येकात एकेका झाडाच्या पानाचा रस, धुवा, परत भरा, परत धुवा, दोन दिवस तेच. शेवटचं रंग आणणारं रसायन (सबस्ट्रेट) घातलं आणि अर्ध्या तासात काही खळगे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले, बाकीचे पाण्यासारखे तसेच. पिवळ्यातलं एक झाड बाहेरून एकदम तंदुरुस्त होतं हो, मीच आणलेलं. त्या दिवसापासून डोक्यात हेच बसलंय.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले झाडांचे व्हायरस बघून पगार कोण देणार, बँकेची एएफओ, म्हणजे शेती अधिकाऱ्याची परीक्षा दे नाहीतर केपीएससीतून (कर्नाटक लोकसेवा आयोग) कृषी खात्यात जा. आई काही म्हणत नाही पण मामा म्हणतो पीएचडी म्हणजे तिशी उलटणार, मग स्थळं बघायची कधी. त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही, घरात पगार येणारी मी पहिलीच असणार.

तर ह्या लाइनीतल्या कुणी प्लीज सांगा: १. खरंच नोकऱ्या आहेत का. २. एमएस्सीला कुठं जावं. ३. आयुष्यभर हे काम करून हाताला काय लागतं? म्हणजे व्हायरसवर औषध तर नसतंच असं आम्हाला शिकवलंय, मग शास्त्रज्ञ नेमकं करतो काय?

---

संकेश्वरी_लाल

ताई तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर मीच बोलतो, मी शास्त्रज्ञ न्हाई, मिरचीवाला हाय.

संकेश्वरी मिरची म्हणजे काय ते तुला सांगायला नको. औंदा ३० गुंठे लावली. लागण करून महिना झाला आणि बोकड्या आला. पानं आकसली, शेंडा जाग्यावर थांबला, झाड नुसतं खुजं होऊन उभं. खताच्या दुकानात गेलो तर म्हणाला अण्णा व्हायरस हाय, हे घ्या व्हायरसचं औषध, नवीन आलंय. बाटलीवर व्हायरस असं मोठ्या अक्षरात, खाली बारीक काय लिहिलंय ते वाचायला नातवाला बसवलं तर समुद्री शेवाळ आणि कायबाय. तीन बाटल्या मारल्या, वर दोन कीटकनाशकं एकत्र करून. झाड तसंच, खिसा रिकामा. शेजारचा कन्नडिगा भाऊ म्हणतो मुटुरु रोग आलाय, उपट. मी म्हणतो बोकड्या आलाय, थांब. नावं दोन, नुकसान एकच.

तर तू शिक, जरूर शिक, पण शिकून एवढं कर की औषध काढ. न्हाईतर ९६ खळगे पिवळे झाले काय आणि निळे झाले काय, आमाला काय त्याचं.

रागानं न्हाई बोललो गा, वैतागलोय म्हणून बोललो.

---

दिल्लीत_पाचवं_वर्ष

मूळचा खानापूरचा, सध्या दिल्लीत पीएचडी, विषय पांढऱ्या माशीनं पसरणारे व्हायरस. संस्थेचं नाव लिहीत नाही, गाईड इथं वाचत नसावेत ही आशा.

आधी व्यवहाराचं. व्हायरॉलॉजी अशी वेगळी डिग्री बहुतेक ठिकाणी नसते, एमएस्सी प्लांट पॅथॉलॉजीला घ्यायची आणि थिसिस व्हायरसवर. त्यासाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) ऑल इंडिया पीजी परीक्षा दे. दिल्लीचं आयएआरआय (भारतीय कृषी संशोधन संस्था), त्यांच्या पॅथॉलॉजी विभागात व्हायरससाठी वेगळं सेंटरच आहे, मग बेंगळुरूचं कृषी विद्यापीठ, कोइंबतूर, राहुरी, आणि तुझं धारवाड काही वाईट नाही. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला आयआयएचआर (फळ-भाजीपाला पिकांची संशोधन संस्था) आहे, भाजीपाल्याच्या व्हायरससाठी तिथं तर नक्की एकदा जाऊन ये. कॉलेजचं नाव बघू नकोस, गाईड बघ. ज्याच्या ग्लासहाऊसची जाळी फाटकी त्याच्याकडं जाऊ नकोस, हे मी गमतीनं लिहीत नाहीये. पैशाचं म्हणशील तर पीएचडीला सीएसआयआर किंवा यूजीसीची जेआरएफ फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. पुढं एआरएस (कृषी शास्त्रज्ञ भरतीची परीक्षा) पास झालीस तर आयसीएआरमध्ये सायंटिस्ट, सुरुवातीचं बेसिक ५७,७००. एमएस्सीवर केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्र) पीक संरक्षणाची विषयतज्ज्ञ पण होता येतं. जागा मात्र मोजक्या निघतात आणि कधी निघतील ते कुणाच्या बापाला माहीत नसतं. मामांना हे सांगायचं की नाही तू ठरव.

आता जे कुणी सांगत नाही ते. माझा दिवस सकाळी सातला वांग्याच्या पानाखाली तोंड घालून सुरू होतो. माशा पकडायला काचेची नळी आणि तिला रबराची नळी, मधे जाळीचा तुकडा, रबर तोंडात धरून हलकेच श्वास ओढायचा की माशी नळीत. जोरात ओढला तर मेली. एका रोपावर दहा माशा सोडायच्या, आधी २४ तास रोगट झाडावर चारलेल्या, मग २४ तास निरोगी रोपावर, मग मारायच्या आणि तीन-चार आठवडे वाट बघायची की पान वळतंय का. गेल्या जूनमध्ये ग्लासहाऊसचा कूलर शनिवारी रात्री बंद पडला, रविवारी कुणी आलं नाही, सोमवारी बघतोय तर पाळलेल्या माशांची अख्खी कॉलनी खाली पांढऱ्या पिठासारखी पडलेली. सात महिन्यांची कॉलनी होती, त्या दिवशी मेसमध्ये जेवलो नाही.

पण जेव्हा सिक्वेन्स येतो ना. लीफ कर्लचा, म्हणजे पानं आकसवणाऱ्या व्हायरसचा, अख्खा डीएनए साधारण २७०० अक्षरांचा, गोल, एवढासा. ह्या धाग्यावरच्या पोस्ट त्याच्यापेक्षा मोठ्या आहेत. आणि एवढ्याशा मजकुरावर तो अख्खं टोमॅटोचं झाड आपल्या कामाला लावतो. रात्री दोन वाजता स्क्रीनवर ती अक्षरं बघताना मला अजून पण काटा येतो, पाच वर्षं झाली तरी.

@संकेश्वरी_लाल अण्णा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. खरंच नाही.

---

घाटावरचा_निवांत

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नगर-नाशिककडं टोमॅटोवर ते तिरंगा व्हायरस प्रकरण झालं होतं आठवतंय का, फळावर लाल-पिवळे-हिरवे पट्टे. टीव्हीवर तर असं दाखवलं की टोमॅटो खाल्ला की माणसालाच काहीतरी होतंय. आमच्या हिनं दोन किलो टोमॅटो खिडकीतून फेकले, खाली गाईनं खाल्ले, गाय अजून ठणठणीत आहे. तेव्हा ह्या व्हायरसवाल्यांनीच सॅम्पल बेंगळुरूला नेऊन तपासले, काकडी मोझॅक वगैरे झाडाचेच व्हायरस निघाले आणि माणसाला ह्याचं काही होत नाही हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. एवढं तरी काम आहे की त्यांना.

---

बियाणेवाला_८६

प्रायव्हेटमध्ये पण बघ. भाजीपाला बियाण्याच्या मोठ्या कंपन्यांना व्हायरसवाले लागतातच, भेंडी-टोमॅटो-मिरचीत सहनशील वाण हेच विकलं जातं आता. टिश्यू कल्चर केळीच्या लॅबना मदर प्लांट व्हायरस टेस्ट करावा लागतो, तिथं पण. पगार सरकारीपेक्षा सुरुवातीला कमी वाटेल, फिरती भरपूर. आणि सेल्सवाले तुला 'व्हायरस फ्री' असं पाकिटावर लिहायला सांगतील, लिहू नकोस.

---

खानापूर_पाऊस

महाराष्ट्रात प्रवेश घेणार असशील तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी काही प्रवेशांत वेगळी सोय असते, ज्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाच. ऑल इंडिया परीक्षेतून गेलीस तर हा घोळच नाही. आणि कन्नड सोडू नकोस बाई, इकडं नोकरी करायची तर रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं केंद्र) उभं राहून बोलता आलं पाहिजे.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट

पोरी, तीन दिवस झाले वाचतोय, म्हटलं लिहावं. कृषी विद्यापीठात ३४ वर्षं पॅथॉलॉजी शिकवली, आता बेळगावात घरी असतो, टायपिंग एका बोटानं चालतं.

आधी अण्णांचं बघू, कारण त्यांच्यातच तुझं उत्तर आहे. अण्णा, तुमच्या मिरचीला व्हायरस आहे असं कोण म्हणालं? दुकानदार. त्यानं पान बघितलं का? बोकड्या हे एका रोगाचं नाव नाही, धारवाडच्या पेपरात त्याला 'मुरडा कॉम्प्लेक्स' म्हणतात ते उगाच नाही. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला वळतं, होडीसारखं. कोळ्यानं, म्हणजे माइट नावाच्या बारीक किडीनं, खालच्या बाजूला वळतं, उपड्या होडीसारखं, आणि देठ लांबतो. व्हायरसनं पान आकसतं, शिरा जाड होतात, शेंड्याला गुच्छ होतो. आणि पुष्कळदा तिन्ही एकाच झाडावर नांदत असतात. कोळी असेल तर कोळीनाशकानं झाड परत फुटतं, तुम्ही मारलेल्या दोन्ही कीटकनाशकांना तो हसत बसला असेल. दहा पट मोठं दिसणारी भिंग मिळते, ती घ्या आणि शेंड्याचं पान उलटं करून बघा. त्या तीन बाटल्यांपेक्षा ती नक्की स्वस्त पडेल.

औषध का निघत नाही ते पण सांगतो. बुरशीचं स्वतःचं अंग असतं, स्वतःचं पचन असतं, तिथं घाव घालता येतो. व्हायरसकडं स्वतःचं काहीच नाही, तो झाडाच्या पेशीचीच यंत्रणा वापरतो, त्याला मारायला गेलं की झाड मरतं. म्हणून मग आपण त्याला आणणाऱ्याच्या मागं लागतो. तिथंही सगळं सरळ नाही. लीफ कर्लचा व्हायरस पांढऱ्या माशीच्या अंगात मुरायला तास तास लागतात, तिथं माशी आवरली, रोपवाटिकेला बारीक जाळी लावली, कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी टाकल्या तर फरक पडतो. पण पपईचा रिंगस्पॉट घे. मावा येतो, पान चाखतो, मिनिटभरात व्हायरस देऊन मोकळा होतो. तुमचं कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. मी पपईवर आठवड्याला फवारणी करणारे बागायतदार बघितलेत, त्यांच्या बागेत मावा कमी आणि रोग तेवढाच. हवाईत डेनिस गोन्साल्विस नावाच्या माणसानं शेवटी पपईच्या झाडातच त्या व्हायरसचा एक तुकडा घातला, १९९८ ला ते बियाणं शेतकऱ्यांना मिळालं, तेव्हा कुठं तिथली पपई वाचली.

आता 'शास्त्रज्ञ करतो काय'. तुला तुरीच्या वांझ रोगाची गोष्ट सांगतो, मला सगळ्यात आवडते ती. इकडं विजयपूर-कलबुर्गीकडं ह्याला गोड्डु रोग म्हणतात. झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढलेलं, पानं बारीक आणि पिवळट ठिपक्यांची, फूल नाही शेंग नाही. शेतकऱ्याला लांबून वाटतं तूर जोरात आहे. १९३१ ला बिहारात पुसाला ह्याची पहिली नोंद झाली. व्हायरस असणार असा सगळ्यांचा कयास, पण सापडेना. साठच्या दशकात कळलं की एक कोळी तो पसरवतो, पाव मिलिमीटर पण लांब नाही, डोळ्याला दिसत नाही. तरी व्हायरस सापडेना, कारण पान वाटलं की रसात तो टिकतच नाही. इक्रिसॅट (हैदराबादजवळची कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि स्कॉटलंडच्या लोकांनी मिळून तो प्रत्यक्ष दाखवला तेव्हा २००० साल उजाडलं होतं. ७० वर्षं. ह्यात कितीतरी लोक नोकरीला लागले, निवृत्त झाले, वारले, आणि त्यांना तो दिसला नाही.

पण गंमत पुढं आहे. तो सापडायच्या आधीच त्याला दाद न देणारी तूर शेतात पोचली होती. कशी? स्टेपलरनं. ऑफिसात कागदाला मारतात तो स्टेपलर. १९७६ ला नेने आणि रेड्डी ह्यांनी ती पद्धत छापली. रोगट तुरीचं पान घ्यायचं, दहा-पंधरा दिवसांच्या रोपाच्या पानाभोवती दुमडायचं, वरून टाचणी मारायची. रोगट पान वाळायला लागलं की त्यावरचे कोळी आपोआप शेजारच्या ओल्या पानावर चालत जातात. बस. मग ओळीच्या ओळी लावायच्या आणि बघायचं कुठली वाण पडते, कुठली उभी राहते. मी पण तरुणपणी मारलेत ते स्टेपल, दिवसाला चारशे रोपं, सकाळी कोवळ्या उन्हात वाकून, संध्याकाळी उजव्या हाताचा अंगठा उघडत नसे आणि घरी पाट्यावर वाटण वाटायची वेळ आली की बायको म्हणायची राहू द्या. अशाच चाळणीतून आशा नावाची वाण आली, १९९३ ला, बदनापूरची बीएसएमआर ७३६ आली. शेतकरी ती लावत होता, वरण खात होता, आणि चोर अजून फरार होता.

नेने म्हणजे यशवंत लक्ष्मण नेने, आपलाच मराठी माणूस. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात असताना भाताच्या खैरा रोगामागं सगळे बुरशी-व्हायरस शोधत होते, ह्यांनी १९६६ ला दाखवलं की रोगबिग काही नाही, जस्त कमी पडलंय. झिंक सल्फेट मारलं, भात हिरवा. मी वर्गात व्हायरसचा पहिला तास ह्याच गोष्टीनं सुरू करायचो. पिवळं दिसलं की व्हायरस म्हणायची घाई नको.

उलटं पण होतं. २००० च्या खरिपात अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग धडाधड वाळला, सव्वादोन लाख हेक्टरवर, ३०० कोटींच्या वर फटका. सगळ्यांना वाटलं नेहमीचा बड नेक्रोसिस, शेंडा करपवणारा भुईमुगाचा व्हायरस. तपासलं तर तो नव्हताच, टोबॅको स्ट्रीक नावाचा दुसराच व्हायरस निघाला, आणि येत कुठून होता तर बांधावरच्या गाजरगवतातून. गाजरगवताला रोग दिसत नाही, पण परागात व्हायरस, तो पराग फुलकिड्यांच्या अंगाला लागून भुईमुगाच्या पानावर. म्हणजे भुईमुगावर फवारून काय उपयोग, बांध साफ करा. हे सांगायला कुणीतरी ते बघावं लागलं.

आणि हे पण खरं की आपण काढलेलं टिकत नाही. भेंडीचा केवडा, म्हणजे यलो व्हेन मोझॅक, १९२४ ला कुलकर्ण्यांनी मुंबई इलाख्यात नोंदवला, तेव्हा आपलं बेळगाव पण त्याच इलाख्यात होतं. ऐंशीच्या दशकात परभणी क्रांती आली, रानभेंडीशी संकर करून, लोकांनी डोक्यावर घेतली. काही वर्षांनी तिच्यावर पण केवडा दिसायला लागला. शंभर वर्षं झाली, भेंडी अजून पिवळी पडतेच आहे. तुझ्या आधीचे लोक नालायक होते म्हणून नाही, व्हायरस बदलतो, माशी बदलते. हे सहन होणार असेल तर ये. घरच्यांना वाईट वाटेल पण एएफओची परीक्षा पण दे, एमएस्सी करता करता देता येते, माझे दोन विद्यार्थी बँकेत सुखी आहेत.

---

तंबाखूच्या_गावची

सर, हे सगळं मी दोनदा वाचलं आणि बाबांना स्टेपलरचा भाग वाचून दाखवला. ते हसले, म्हणाले हे काम तर आपली सुगीवाली माणसं पण करतील. मी म्हटलं हो पण स्टेपल कुठं मारायचा हे कुणाला सुचलं. मग गप्प झाले. परवानगी नाही मिळाली पण टीव्हीचा आवाज कमी केला एवढं झालं.

एक विचारू का? एमएस्सीच्या आधी मला माझ्या हातानं एखादा व्हायरस लावून बघता येईल का?

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट

येईल की. मिरचीचा लीफ कर्ल नको, तो रस चोळून लागत नाही, माशीच पाहिजे. टोमॅटो घे. शेंडा तांबूस करपट, कोवळ्या पानावर काळपट गोल ठिपके, फळावर गोल गोल कडी, असं झाड दिसलं तर बड नेक्रोसिसचा संशय धर, भुईमुगाचा तोच व्हायरस टोमॅटोवर पण येतो. चवळी पेर, सी-१५२ वाण मिळालं तर उत्तम, आठव्या-नवव्या दिवशी पहिली दोन पानं उघडली की तयार, तिपानी यायच्या आत. टोमॅटोची कोवळी पानं बर्फाच्या डब्यातून आण. खल-बत्ता आधी फ्रिजमध्ये ठेव. थंड फॉस्फेट बफरमध्ये पान वाट, त्यात मर्कॅप्टोइथेनॉलचा थेंब, वास सहन कर, सडक्या अंड्याचा बाप आहे. चवळीच्या पानावर कार्बोरंडमची पूड भुरभुरव, तिनं पान किंचित खरचटतं, रसात बोट बुडवून हलकं चोळ, बाळाला तेल लावतात तसं, मग पाण्यानं धू. वाटल्यापासून चोळेपर्यंत वेळ घालवू नकोस, हा रसात फार टिकत नाही. चार-पाच दिवसांनी पान बघ, व्हायरस लागला तर ठिपके येतात.

---

संकेश्वरी_लाल

ताई असलं टोमॅटो आमच्याकडंच हाय की, मिरचीच्या खालच्या वाफ्यात दहा गुंठे. फळावर कडी हायत, व्यापारी घेईना. धारवाडची बस संकेश्वरवरनंच जाते, रविवारी उतर, घरात सगळी माणसं हायत, आमची सून स्टँडवर येईल घ्यायला. जेवून जा.

आणि सर, भिंग आणली. पानाखाली पांढुरकं बारीक कायतरी पळतंय, घामाच्या थेंबागत. कोळीच न्हवं? कोळीनाशक मारलंय परवा, निम्म्या झाडांचा शेंडा हलल्यासारखा वाटाय लागलाय. निम्मी तशीच.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट

तशीच राहिलेल्यांना बहुधा व्हायरस. ती आणि टोमॅटोची करपलेली झाडं उपटून गाडून टाका अण्णा, पोरीला पानं दिल्यावर. बांधावर टाकू नका.

---

तंबाखूच्या_गावची

अपडेट!! अण्णांकडं जाऊन आले, सुनेनं शेंगदाण्याची पोळी बांधून दिली ती वेगळीच. पानं थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून मांडीवर घेऊन आले, कंडक्टर म्हणाला मासे असतील तर मागं बसा. त्याच संध्याकाळी चवळीवर चोळलं, नऊ कुंड्या. हॉस्टेलमध्ये माझ्या हाताच्या वासानं रूममेट दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

आज पाचवा दिवस. सात कुंड्यांत पानांवर ठिपके आलेत, फिकट गोल, मधे तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढे. एका पानावर २३ मोजले. सर मी लावला!! फोटो टाकते थोड्या वेळानं, हात थरथरतायत.

---

दिल्लीत_पाचवं_वर्ष

अभिनंदन, आणि वाटोळं झालं तुझं, आता बँक नाही.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट

छान. आता सांग, नुसता बफर आणि कार्बोरंडम चोळलेल्या कुंड्या किती होत्या? आणि निरोगी टोमॅटोचा रस चोळलेल्या?

---

तंबाखूच्या_गावची

सर… त्या केल्याच नाहीत.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट

मग पुडीनं पान खरचटलं नाही हे कशावरून? परत कर. तीन कुंड्या बफरच्या, तीन निरोगी रसाच्या, तीन रोगट रसाच्या. कुंड्यांवर नाव लिहू नकोस, नुसते नंबर टाक आणि ठिपके मोजायला रूममेटला बसव, तिला काय कशात आहे ते सांगू नकोस.

---

तंबाखूच्या_गावची

चवळी आजच पेरते. अण्णा, अजून एकदा पानं मिळतील का? पुढच्या रविवारी?

---

संकेश्वरी_लाल

आमची तर उपटून गाडली गा, सर म्हणाले म्हणून. पण शेजाऱ्यानं एक झाड उपटलं न्हाई अजून, औषध मारतोय बाटलीतलं. तुला पायजे तेवढी मिळतील. ये.